लेट खंडेराव सर

धोंडीरामला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण नाशकातल्या निम्म्या स्वयंपाकघरांत त्याचं इंग्रजी रोज घासलं जात होतं. भांडी बाजारात एका दुकानाच्या पायरीवर गोणपाट टाकून तो बसायचा. पुढ्यात लाकडी ठोकळा, हातात बोटभर पोलादी छिन्नी आणि मुठीत मावेल एवढी हातोडी. गिऱ्हाईक भांडं घेऊन बाहेर आलं की चिठ्ठीवर नाव लिहून द्यायचं आणि धोंडीराम ते ठिपक्याठिपक्यानं भांड्यावर उतरवायचा. माणूस जातं, घर विकलं जातं, भाऊभाऊ वेगळे होतात, पण पातेल्यावरचं नाव जात नाही, असं तो छातीठोकपणे सांगायचा. आता स्वतःच्या धंद्याबद्दल कोण वाईट बोलेल?

मूळचा तो सायखेड्याचा. घरी भाजीपाल्याची शेती होती, ती धाकटा भाऊ बघायचा. धोंडीरामला मातीपेक्षा पत्र्याची ओढ. पंधराव्या वर्षी मामाच्या हाताखाली बाजारात आला तो तिथलाच झाला. मराठी नावं तो गप्पा मारता मारता टाकायचा. पण नव्वदनंतर शहर चहूकडे पसरलं, सिडको आणि गंगापूर रोडची नवी गिऱ्हाइकं यायला लागली आणि त्यांना नाव 'इंग्लिशमधेच' हवं असायचं. धोंडीराम हटला नाही. तो अक्षरं वाचायचा नाही, काढायचा. त्याच्या लेखी 'ए' म्हणजे शिडी, 'टी' म्हणजे खुंटी, 'ई' म्हणजे दात पडलेली फणी. चिठ्ठीवर असेल तसं उतरवायचं, उगाच डोकं चालवायचं नाही.

एकच इंग्रजी शब्द त्याला अर्थासकट ठाऊक होता. कुणी वारलं की त्याच्या नावानं तेराव्याला किंवा वर्षश्राद्धाला भांडी वाटतात. त्यावर मराठीत नावाआधी 'कै.' असायचं, इंग्रजीत चार अक्षरी 'लेट'. ही चार अक्षरं मेलेल्या माणसाची, एवढं धोंडीरामला पक्कं माहीत होतं. म्हणूनच पुढं जे घडलं त्याला काही उत्तर नव्हतं.

शहाण्णव सालचा वैशाख होता. लग्नसराई ऐन भरात आणि त्यातच कुणा बागाईतदाराच्या तेराव्याच्या एक्कावन्न वाट्या आल्या. सकाळपासून धोंडीरामनं एक्कावन्न वेळा तीच चार अक्षरं ठोकली. शेवटची वाटी खाली ठेवली आणि पुढचं काम ओढलं, तो तांब्याचा भलाथोरला हंडा होता. चिठ्ठीवर आजोबांचं नाव होतं. आजोळकडून नातीच्या लग्नात द्यायचा हंडा. हाताला वळण लागलेलं होतं. हात आपला चालत राहिला, मन कुठं होतं कुणास ठाऊक. संध्याकाळी हंडा कागदात गुंडाळून गेलासुद्धा.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात रुखवत मांडलं होतं. लाडू, करंज्या, आणि मधोमध लखलखीत हंडा. त्यावर टपोऱ्या अक्षरांत नाव होतं: लेट खंडेराव सर. आणि लेट खंडेराव सर फेटा बांधून हंड्याच्या शेजारी उभे राहून पाहुण्यांना या, बसा करत होते.

खंडेराव सर देवळ्याचे. नाशकात तीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. रुखवतापुढं बायका तोंडाला पदर लावून कुजबुजू लागल्या तेव्हा सरांनी चष्मा लावून हंडा वाचला आणि ते एवढ्यानं हसले की भटजी थांबले. मग सगळेच हसले. जिवंत माणसाच्या मरणाची खोटी बातमी उठली की त्याचं आयुष्य वाढतं, हे कुणाला माहीत नाही? "सर, शंभरी नक्की तुमची," जो तो म्हणाला. त्यांची मुलगी छाया तेवढी हसली नाही. हंडा तिच्याच मुलीच्या, स्नेहलच्या, रुखवतातला. ते नाव आत्ताच्या आत्ता झाकून टाका म्हणून ती मागं लागली. सरांनी ऐकलं नाही.

चार दिवसांनी ते भांडी बाजारात आले. कुणी तरी धोंडीरामला आधीच सांगून ठेवलं होतं. त्यानं सरांना पाहताच पाय धरले.

"सर, लय मोठं पाप झालं माझ्या हातून. हंडा आणा, मी साफ करून देतो."

"अरे ऊठ. हात लावायचा नाही त्याला. फुकट आयुष्य दिलंस, ते परत घेतोस होय?" सर त्याच्या गोणपाटावरच बसले. "पण काय लिहिलंस ते तुला कळायला हवं. चार अक्षरं आहेत, चार दिवसांत शिकवतो."

चार दिवसांची चार वर्षं झाली आणि पुढंही मोजायचं राहिलं. रोज दुपारी सर पायरीवर यायचे. त्यांना नाद एकच. इंग्रजीतला एखादा साधा शब्द धरायचा आणि त्याची सात पिढ्यांची चौकशी करायची. लेट म्हणजे उशिरा आलेला, हे धोंडीरामलाही एसटीमुळं माहीत होतं. सर त्याच्या मागं गेले. मुळात त्याचा अर्थ होता मंद, रेंगाळणारा. त्याहीमागं गेलं तर थकलेला, सैल पडलेला. शेवटचा या अर्थाचा 'लास्ट' त्याचा सख्खा भाऊ. 'मेलेला' हा अर्थ फार नंतर चिकटला, पाचएकशे वर्षांपूर्वी. म्हणजे इंग्रज माणूस आधी नुसता रेंगाळायचा, मरायला पुढं शिकला. यावर सर स्वतःच हसायचे.

मग पत्र्याच्या तुकड्यावर तीच चार अक्षरं ते उलटसुलट मांडून दाखवायचे. खुंटी आणि फणी पुढं आणली, एल शेवटी टाकला की 'टील', म्हणजे लहानसं बदक. थंडीत नांदूर मध्यमेश्वरच्या पाण्यावर उतरतं ते. सायखेड्याच्या धोंडीरामनं ती बदकं जन्मभर पाहिलेली. त्यांचं नाव मेलेल्या माणसांच्या अक्षरांतून निघतं याचं त्याला नवल वाटलं. आणखी फिरवलं की 'टेल', गोष्ट. आणखी फिरवलं की चिनी लोकांचं चांदीचं एक वजन.

"एवढं सगळं चारच अक्षरांत?" धोंडीराम म्हणाला.

"भांडं एकच असतं रे. त्यात तू आमटी कर नाही तर खीर कर."

असे ते दिवस होते आणि ते चांगले होते. नव्याण्णवच्या पावसाळ्यात सर आजारी पडले. न्यूमोनिया. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. सगळे गोळा झाले. धोंडीरामही दाराशी उभा होता. सरांची बायको गोजराबाई उशाशी बसून चमच्यानं गंगा पाजत होती. छायानं तुळशीचं पान ओठांवर ठेवलं. श्वास थांबला. कुणी तरी घड्याळ पाहिलं, कुणी हुंदका दिला. आणि मग सगळ्यांच्या देखत सरांच्या जबड्याची हालचाल झाली. त्यांनी ते पान चावलं, गिळलं आणि डोळे उघडून म्हणाले, "जून आहे तुळस."

रडता रडता लोक हसले. गोजराबाई हसली नाही. ती चमचा हातात धरून भिंतीला टेकली होती, तशीच टेकलेली राहिली. छायानं तिला हलवलं तेव्हा चमच्यातलं पाणी तेवढं सांडलं.

गोजराबाईच्या तेराव्याच्या वाट्या धोंडीरामनंच केल्या. पहिल्या वाटीवर चार अक्षरं टाकताना त्यानं प्रत्येक ठिपक्याआधी छिन्नी उचलून पुन्हा टेकवली. सर समोर बसले होते. ते अक्षरांकडं पाहत नव्हते, धोंडीरामच्या हाताकडं पाहत होते.

त्यानंतर सरांची झोप गेली. म्हणजे कमी झाली असं नव्हे, गेली. डॉक्टर गोळ्या द्यायचे, सर त्या गिळून रात्रभर खिडकीशी बसायचे आणि सकाळी ताजेतवाने असायचे. त्यांचे हात गार पडले. तांब्याच्या भांड्याला हिवाळ्यात हात लावावा तसे गार. बाजारातला चहावाला पाच जणांत चारच कप ठेवून जायचा, दर वेळी सरांचाच राहायचा. ओरडल्यावर तो ओशाळून म्हणायचा, "सर दिसलेच नाय बघा." नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला सर गेले, तर तिथल्या यादीत त्यांच्या नावापुढं आधीच 'मयत' लिहिलेलं. सरांनी हे पायरीवर येऊन सांगितलं. पूर्वीसारखं हसत सांगितलं नाही.

दोन हजार तीनच्या जानेवारीत सर आणि त्यांचा मुलगा रविराज जीपमधून त्र्यंबकेश्वरहून परत येत होते. वळणावर जीप उलटली. सर दार उघडून स्वतः बाहेर आले. धोतराला माती लागली होती, तेवढंच. रविराज आतच राहिला. बावन्न वर्षांचा होता.

लोक आता शंभरीची गोष्ट काढेनात. सर रस्त्यानं निघाले की ओळखीची माणसं घाईनं दुकानात शिरायची. धोंडीरामची बायको चंद्रभागा साधी, पण तिनंही एकदा भाकरी थापता थापता विचारलं, "तुमचे सर रोज बसत्यात ना तुमच्यापाशी? जरा लांब बसा म्हणावं." धोंडीराम तिच्यावर ओरडला. पण दुसऱ्या दिवशी त्यानं गोणपाट वीतभर बाजूला सरकवला, आणि त्याची त्याला इतकी लाज वाटली की संध्याकाळपर्यंत त्यानं सरांकडं पाहिलं नाही. माणूस घाबरला की कसा हलका होतो ते त्यानं स्वतःतच पाहिलं.

सरांना सगळं दिसत होतं. एका दुपारी ते म्हणाले, "आयुष्य वाढतं म्हणतात. पण वाढतं ते येतं कुठून, हे कुणी सांगत नाही. या दुकानात माल येतो तो कुठल्या तरी गोदामातला कमी होतोच ना?"

"आसलं बोलू नका सर. बाई गेल्या त्यांचं वय झालं होतं. रविराजभाऊंचा अपघात झाला. तुम्ही शिकलेली माणसं."

"शिकलेला आहे म्हणून तर सात वर्षं बोललो नाही."

दोन हजार सहा संपता संपता सरांना पुन्हा ताप चढला. तीन दिवस शुद्ध नव्हती. चौथ्या दिवशी ते उठून बसले, आणि त्याच आठवड्यात छायाच्या पोटात गाठ निघाली. लक्षण चांगलं नव्हतं. ऑपरेशन करू, पण वचन देत नाही, असं डॉक्टर म्हणाले. नवरा तिला कधीच सोडून गेलेला. स्नेहलला वाढवून, लग्न करून देऊन ती बापाजवळ राहत होती. सरांचं उरलेलं माणूस म्हणजे ती.

संक्रांतीनंतरच्या सोमवारी सर पायरीवर आले ते रिक्षानं. बरोबर जुन्या लुगड्यात बांधलेलं गाठोडं होतं. धोंडीरामनं गाठ सोडली आणि हात मागं घेतला. अकरा वर्षांत घासून घासून हंडा पातळ झाल्यासारखा दिसत होता, अक्षरं मात्र काल ठोकल्यासारखी.

"हा तर स्नेहलताईंच्या सासरी होता."

"होता. काल सकाळी उठलो तर आमच्या स्वयंपाकघरात, माझ्या बसायच्या जागेसमोर. काठोकाठ भरलेला. आपोआप आला म्हण." सर थांबले. "पुढची चार अक्षरं काढून टाक. नाव राहू दे."

धोंडीरामला काय मागितलं जातंय ते लगेच कळलं. त्यानं हंडा पुन्हा लुगड्यात गुंडाळला. "सर, त्यापेक्षा मी एक करतो. छायाताईंच्या नावाआधी टाकतो ही अक्षरं. एखाद्या वाटीवर. जसं तुमचं वाढलं तसं त्यांचं..."

"आणि मग कुणाचं कमी होईल? स्नेहलचं?" सर शांतपणे म्हणाले. "शिवाय तुझ्या हातून ती चूक झाली होती. चूक ठरवून करता येत नाही, धोंडीराम. शंभर वेळा ठोकलंस तरी तुला ठाऊकच असणार. छायाचं ऑपरेशन शुक्रवारी आहे. तिला यातलं काही कळता कामा नये."

त्यानं एक दिवस मागून घेतला. घरी चंद्रभागेला सांगितलं. तिनं ताट वाढायला घेतलं. मग म्हणाली, "लिहिलं ते चुकून. पुसाल ते जाणूनबुजून. त्यांना काय झालं तर त्यो भार तुमच्या माथी. आन नाय पुसलं, पोरीला काय झालं, तर त्यो बी तुमच्याच." तिनं ताट पुढं सरकवलं. "जेवा आता. उपाशी पोटी कळायचं नाय." तो जेवला, आणि जेवूनही कळलं नाही. पण छायाचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना. रविराजच्या वेळी ती भावाच्या पायाशी बसली होती तो चेहरा.

मंगळवारी दुपारी त्यानं काम सुरू केलं. ठिपके म्हणजे खळगे. ते नुसते घासून जात नाहीत. हंड्याच्या गळ्यातून हात आत घालून त्यानं आतून लोखंडी ठोकळा धरला आणि बाहेरून हातोडीनं तांबं बसवत नेलं, वरून कानस फिरवली. सर समोर बसून होते. शेवटची फणी आधी गेली.

"एक अक्षर गेलं," सर म्हणाले, "आणि बदकही उडालं, गोष्टही गेली. किती पटकन जातं सगळं." आणि त्यांनी जांभई दिली.

धोंडीरामचा हात थांबला. सात वर्षांत त्यानं सरांना जांभई देताना पाहिलं नव्हतं. लहान पोरासारखी मोठी, डोळ्यांत पाणी आणणारी जांभई.

"थांबू नकोस," सर म्हणाले.

खुंटी गेली. शिडी गेली. सर भिंतीला टेकले. एल अक्षराच्या आडव्या रेघेवर आल्यावर धोंडीरामनं मान वर करून पाहिलं, तर त्यांच्या डोळ्यांवर झापड आली होती आणि गालांवर रंग होता. चहावाला आला. त्यानं न सांगता सरांपुढं कप ठेवला आणि म्हणाला, "काय सर, लय दिवसांनी दिसलात!"

रिक्षात बसवताना धोंडीरामनं त्यांचा हात धरला. हात उबदार होता. त्या उबेची त्याला जेवढी भीती वाटली तेवढी त्या गारव्याची कधी वाटली नव्हती. "सर, उद्या यायचं," तो म्हणाला. सरांनी मान हलवली, आणि ती हो म्हणून हलवली की झोपेनं, ते कळलं नाही.

सर घरी जाऊन झोपले ते बुधवारी उठले, छायाच्या हातची खिचडी जेवले आणि पुन्हा झोपले. गुरुवारी सकाळी उठले नाहीत. तुळशीचं पान ओठांवर होतं तसंच राहिलं.

छायाचं ऑपरेशन पंधरा दिवस पुढं गेलं, पण झालं. गाठ डॉक्टरांना वाटली होती तशी निघाली नाही. धोंडीरामनं हे बाजारात ऐकलं आणि पायरीवर बसल्या बसल्या तो ओक्साबोक्शी रडला. आनंदानं की कशानं, ते त्याचं त्यालाही सांगता येईना. चंद्रभागेनं नंतर त्या विषयावर शब्द काढला नाही. फक्त रोज सकाळी डबा देताना ती त्याच्या हातांकडं बघायची.

वैशाखात छाया आली. वाळली होती, उन्हासाठी डोक्याला रुमाल होता, पण पायानं चालत आली. धोंडीरामनं गोणपाट झटकून तिला जागा केली. ती बसली. समोरच्या दुकानातला कल्हईचा वास येत होता. बराच वेळ ती माणसांची ये-जा बघत राहिली.

"काका, बाबांनी हंडा तुमच्याकडे आणला होता ना?"

"गळत होता जरासा," धोंडीराम म्हणाला. "बुडाला डाग द्यायचा होता."

"नव्हता गळत. मी भरून पाहिला होता."

धोंडीरामनं छिन्नी खाली ठेवली.

"स्नेहलला फोन करून मीच मागवला तो," छाया म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "आई गेली, दादा गेला, तेव्हा बाबा झोपेविना बसून जे पुटपुटायचे ते मी ऐकत होते. मला सगळं माहीत होतं. डॉक्टरांनी मला तारीख दिली त्या दिवशी मी फोन केला. हंडा आला तो घासला, भरला आणि त्यांच्या समोर ठेवला. बोलले काहीच नाही. नुसता ठेवला." तिनं रुमालाचं टोक बोटाला गुंडाळलं. "मला जगायचं होतं काका. एक्याऐंशी वर्षांच्या बापाकडून मी ते मागून घेतलं. तोंडानं मागायचीही हिंमत झाली नाही."

इतके महिने धोंडीराम समजत होता की हा भार त्याच्या एकट्याच्या माथ्यावर आहे. आता तो वाटला गेला होता, आणि वाटून कमी झाला नव्हता.

"एकच सांगा," ती म्हणाली. "त्यांना कळलं होतं का, हंडा कुणी ठेवला ते?"

चार अक्षरांच्या शब्दाच्या सात पिढ्या शोधून काढणारा माणूस. घरात दोघंच राहणारी. काठोकाठ भरलेला हंडा, बरोबर त्याच्या बसायच्या जागेसमोर. पायरीवर बसून सर काय म्हणाले होते आणि म्हणताना मधेच कसे थांबले होते, ते धोंडीरामला आत्ता नीट कळलं.

"नाय ताई," तो म्हणाला. "त्यांना वाटलं, आपोआप आला."

छायानं डोळे मिटले. तिचा श्वास सुटला. धोंडीरामनं चहावाल्याला हाक मारून दोन चहा सांगितले.